संदर्भ दिलेला पेपर तुम्ही खरंच वाचलेला असतो का?

भूल_चूक

थिसिसचा मोसम सुरू आहे. नाशिकला विद्यापीठात जायच्या आधी गाईडची सही हवी म्हणून माझ्या टेबलावर तीन गठ्ठे येऊन पडलेत. मी एका वैद्यकीय महाविद्यालयात भूलशास्त्र शिकवते. परवा रात्री जेवणं आटोपल्यावर त्यातला एक उघडला. विषय शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं आणि मॉर्फिनच्या जातीची औषधं. मुलगा चांगला आहे, हातही चांगला आहे, रात्री तीनला उठवलं तरी तोंड वाकडं करत नाही. शेवटी ९६ संदर्भ.

सगळे संदर्भ मी कधीच तपासत नाही. कोण तपासतं? तीन-चार उचलून बघते, शितावरून भाताची परीक्षा. या वेळी ३१ नंबरवर बोट पडलं. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, १९८०, खंड ३०२, पानं १२३ ते १२८. मजकुरातलं वाक्य मराठीत असं होईल: 'ही औषधं वेदनेसाठी दीर्घकाळ दिली तरी व्यसन लागण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी असतं.'

सकाळी ओटीत विचारलं, "हा पेपर वाचलास का रे?"

"हो मॅडम. म्हणजे, ॲबस्ट्रॅक्ट वाचलं."

त्याला ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे सुरुवातीचा सारांश, नाहीच! तो पेपरसुद्धा नाही. संपादकांना लिहिलेलं पाच वाक्यांचं पत्र आहे, पानाच्या एका कोपऱ्यात मावेल एवढं. बॉस्टनच्या दोघांनी दवाखान्यात भरती असलेल्या रुग्णांच्या नोंदी चाळल्या. ११,८८२ जणांना असलं औषध निदान एकदा मिळालं होतं, आणि ज्यांना आधी व्यसन नव्हतं अशांपैकी चौघांतच ते लागल्याची बऱ्यापैकी पक्की नोंद सापडली. संपलं पत्र. घरी गेल्यावर काय झालं, महिनोन् महिने गोळ्या घेतल्या तर काय होईल, यावर चकार शब्द नाही.

पुढे कॅनडातल्या काही जणांनी या पत्राचे संदर्भ मोजले आणि २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये छापले. एकूण ६०८. त्यातल्या ४३९ जणांनी ते 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून दिलं होतं. ४९१ जणांनी हे रुग्ण दवाखान्यात भरती होते हे सांगितलंच नव्हतं. १९९५ नंतर, म्हणजे ऑक्सिकॉन्टिन ही याच जातीची गोळी आल्यावर, हे संदर्भ भसाभस वाढले. अमेरिकेत पुढे या गोळ्यांच्या व्यसनाने काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तर प्रश्न साधा आहे. जर्नलमध्ये लिहिणाऱ्या, थिसिस करणाऱ्या, तपासणाऱ्या मंडळींनो, संदर्भ दिलेला पेपर तुम्ही वाचलेला असतो का? खरं सांगा. आयडी खोटाच आहे.

निवांत

नाही. पुढचा प्रश्न?

शंकासुर

मी डॉक्टर नाही, पाईपलाईनवाला इंजिनियर. पण धागा वाचून भीती वाटली. माझी बायको सिझेरियननंतर ज्या गोळ्या घेत होती त्याही अशाच कुणाच्या पाच वाक्यांवर चालल्या होत्या का?

भूल_चूक

@शंकासुर, नाही हो. घाबरू नका. दवाखान्यात भरती असताना दिलं तर काय होतं, त्याबद्दलच ते पत्र होतं. गडबड 'भरती असताना' गाळल्याने झाली.

कोवळा_रेसिडेंट

मॅडम, आदर ठेवून बोलतो. आमच्या बाजूनेही लिहायला हवं कुणीतरी.

तीन वर्षं. त्यातलं पहिलं वॉर्डात ब्लड सँपल घेऊन पळण्यात जातं. सिनॉप्सिस सहा महिन्यांत द्यायचा असतो, तेव्हा आम्हाला विषय म्हणजे काय हेही कळत नसतं. गाईड सांगतात, "मागच्या बॅचचा बघ आणि तसा कर." आम्ही तसाच करतो. रिव्ह्यू ऑफ लिटरेचरचा सांगाडा तिथून येतो, संदर्भ त्याच्यासोबत फुकट येतात, शर्टाबरोबर बटणं येतात तसे. वर "संदर्भ कमी दिसतायत, शंभरपर्यंत ने" हेही गाईडच सांगतात. मूळ पेपर पैसे भरल्याशिवाय उघडत नाही, लायब्ररीच्या लॉगिनचा पासवर्ड ज्यांना माहीत होता ते रिटायर झाले.

तुमचा मुलगा निदान 'ॲबस्ट्रॅक्ट वाचलं' म्हणाला. मी असतो तर 'हो मॅडम' म्हणून गॅस मशीनमागे लपलो असतो.

भूल_चूक

शंभरचा आग्रह मीही धरलेला आहे, कबूल.

सांख्यिकी_सखाराम

कोवळ्याचं बटणांचं उदाहरण नेमकं आहे. यावर एक गमतीदार काम झालंय. सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी २००३ मध्ये पेपर वाचले नाहीत, संदर्भांतल्या छपाईच्या चुका मोजल्या. खंडाचा आकडा चुकला, पान चुकलं, साल चुकलं. मूळ पेपर हातात घेऊन लिहिणाऱ्याची चूक त्याची स्वतःची, वेगळी असायला हवी. पण तीच चूक पुन्हा पुन्हा दिसली तर ती दुसऱ्याच्या यादीतून उतरवलेली. शाळेत मागच्या बाकावरच्या दोघांचं गणित एकाच पायरीवर चुकलं की बाई काय समजायच्या? त्यावरून त्यांचा अंदाज निघाला की मूळ पेपर वाचून संदर्भ देणारे साधारण २० टक्के.

भूल_चूक, तुमच्या पोस्टमध्येच एक धागा सुटलाय. एका कोपऱ्यात मावणारं पत्र १२३ ते १२८ अशी सहा पानं कसं व्यापेल?

भूल_चूक

अग्गोबाई. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं! बघते.

ग्रंथाळ

मी एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात ३१ वर्षं काढली. आता घरी नातवाची पुस्तकं लावते.

तुम्हाला पबमेडशिवाय, म्हणजे लेख शोधायच्या त्या वेबसाइटशिवाय, आठवत नसेल, पण आमच्याकडे इंडेक्स मेडिकस यायचा. १८७९ मध्ये अमेरिकन सैन्याच्या सर्जन जनरलच्या ग्रंथालयातल्या जॉन शॉ बिलिंग्ज यांनी तो सुरू केला. जगभरच्या जर्नलमध्ये काय छापलं त्याची दर महिन्याची सूची. वर्षाचे एकत्र खंड एवढे जड की उचलताना कंबर धरावी लागे. रेसिडेंट संध्याकाळी यायचे, विषयाखाली बोट फिरवायचे, चिठ्ठीवर उतरवायचे. जर्नल आमच्याकडे असलं तर झेरॉक्स, नसलं तर लेखकाला पोस्टकार्ड. हो, छापील पोस्टकार्डं असत, 'आपल्या अमुक लेखाची प्रत कृपया पाठवावी', रिकाम्या जागा भरायच्या आणि परदेशी तिकीट लावायचं. दोन महिन्यांनी पाकीट यायचं, कधीकधी लेखकाच्या सहीसकट. मग ते पोरगं तो लेख ओळ न् ओळ वाचायचंच. एवढे कष्ट घेऊन कोण नुसतं नाव टाकेल?

आणि सूची नुसती नावांची नसते. प्रत्येक लेख वाचून त्याला ठरलेल्या यादीतले विषय लावतात, त्याला मेश म्हणतात, १९६० पासून. म्हणजे एकाने 'हार्ट अटॅक' लिहिलं आणि दुसऱ्याने 'मायोकार्डियल इन्फार्क्शन', तरी दोन्ही एकाच खणात सापडतात. हे काम माणसं करायची. २०२२ पासून बहुतेक यंत्र करतं, माणूस नजर टाकतो.

निवांत

लेखकाच्या सहीसकट! आज्जी, दंडवत.

शंकासुर

ग्रंथाळ ताई, सगळे 'इंडेक्स्ड जर्नल, इंडेक्स्ड जर्नल' करतात ते हेच का? आमच्या सोसायटीतल्या डॉक्टरांचं प्रमोशन त्यावर अडलंय म्हणतात.

मिरजेचा_गडी

@शंकासुर, बसा, चहा घ्या, ही करमणूक लांबते.

प्रमोशनला पेपर लागतात. ते कुठल्याही भिंतीवर छापून चालू नयेत म्हणून 'इंडेक्स्ड' जर्नलच हवं, असा नियम. इथवर ठीक. सप्टेंबर २०१५ मध्ये मेडिकल कौन्सिलने खुलासा काढला की इंडेक्स्ड म्हणजे कुठल्या सूचीत. त्या यादीत एक नाव होतं इंडेक्स मेडिकस.

ग्रंथाळ ताई, सांगा तो कधी बंद झाला.

ग्रंथाळ

डिसेंबर २००४. शेवटचा अंक मीच रॅकवर लावला होता.

मिरजेचा_गडी

तर अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या शिफारशीवर नोकरी. त्याच यादीत इंडेक्स कोपर्निकस, ज्यात कसलीही जर्नलं घुसली होती. आणि ई-जर्नल चालणार नाही, कागदच हवा! देशातल्या काही संपादकांनी २०१६ मध्ये एकत्र लेख लिहून याचे वाभाडे काढले. फेब्रुवारी २०२० मध्ये यादी बदलली. मेडलाइन, पबमेड सेंट्रल, स्कोपस, एम्बेस, डीओएजे वगैरे आले, इंडेक्स मेडिकस आणि कोपर्निकस दोघे बाहेर गेले.

पण मधल्या पाच वर्षांत जे दुकान मांडलं गेलं ते अजून उठलेलं नाही. मला आठवड्याला सात-आठ ईमेल येतात. 'थोर आणि आदरणीय डॉक्टर, आपला अप्रतिम लेख वाचून आम्ही भारावलो.' कुठला लेख? मूतखड्यावरचा. जर्नल कशाचं? मत्स्यशेतीचं. आमच्या एका सहकाऱ्याने वैतागून पैसे भरले, चार दिवसांत 'तज्ज्ञांनी तपासून' स्वीकारला. तज्ज्ञांनी सुचवलेला एकच बदल होता, फी डॉलरमध्ये भरा.

सांख्यिकी_सखाराम

विनोद नाही हा. २०१३ मध्ये जॉन बोहानन या पत्रकाराने मुद्दाम चुकांनी भरलेला खोटा पेपर ३०४ ठिकाणी पाठवला होता. १५७ जर्नलांनी स्वीकारला. 'सायन्स'मध्ये त्याची हकीकत आली, आणि त्या स्वीकारणाऱ्यांत आपल्या देशातली दुकानं भरपूर होती. २०१८ मध्ये पुण्यातल्या अभ्यासकांनी यूजीसीच्या मान्य यादीतली विद्यापीठांनी सुचवलेली जर्नलं तपासली, तर ८८ टक्क्यांहून अधिक कसोटीला उतरली नाहीत.

केईएमचा_कावळा

सगळंच काळं नाही हो. आमच्या परळला सेठ जीएस आणि केईएमच्या स्टाफ सोसायटीचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघतंय. शिकवणारे डॉक्टरच ओपीडी संपवून प्रुफं तपासतात.

आणि एक बारीक खोच, प्रमोशनवाल्यांसाठी. 'पबमेडवर दिसतं' आणि 'मेडलाइनमध्ये आहे' या दोन गोष्टी वेगळ्या. मेडलाइनमध्ये जर्नल निवडून घेतात आणि त्यातल्या लेखांना मेशचे विषय लागतात. पबमेड ही खिडकी. त्या खिडकीतून मेडलाइन दिसतं, पबमेड सेंट्रलचं कोठार दिसतं, आणखीही काही दिसतं. खिडकीत दिसला म्हणून माणूस घरातला होत नाही.

निवांत

आमच्या चाळीत व्हायचा.

सौ_की_कु

थोडं अवांतर. इंडेक्समध्ये आपली मराठी नावं कशी सापडतात यावर कुणी बोललं का?

माझे पहिले चार पेपर माहेरच्या नावाने. आडनाव, मग माझं आद्याक्षर, मग वडिलांचं. लग्नानंतर पासपोर्टवर सगळं बदललं, कॉलेजच्या मस्टरवर बदललं, पुढचे पेपर सासरच्या आडनावाने, नवऱ्याच्या आद्याक्षराने. प्रमोशनच्या मुलाखतीत समोरचे म्हणाले, "मॅडम, हे चार दुसऱ्या कुणाचे दिसतायत." गॅझेट काढून दाखवलं तेव्हा मान हलवली. नवऱ्याचे पेपर मात्र एमबीबीएसपासून एका रांगेत उभे.

मुलग्यांचंही बरं नाही म्हणा. पबमेडवर 'पाटील एस' टाकून बघा. संतोष, सुनीता, संजय, शुभांगी सगळे एका पंगतीत. २००२ च्या आधीच्या नोंदींत तर पूर्ण नाव नसतंच, नुसती आद्याक्षरं. एक परदेशी जर्नल माझ्या वडिलांच्या नावालाच आडनाव समजलं, त्या पेपरचे संदर्भ बाबांच्या खात्यावर जमा आहेत. बाबा एसटीत होते.

कोवळा_रेसिडेंट

ताई, ऑर्किड नंबर काढा. २०१२ पासून आहे, फुकट असतो. नाव काहीही झालं तरी सोळा आकडे तेच राहतात.

सौ_की_कु

काढलाय रे. पण तो २००६ च्या पेपरवर कोण चिकटवणार?

ग्रंथाळ

बाबा एसटीत होते 😂 कार्डावर लिहून ठेवते हे.

शंकासुर

एक बाळबोध शंका. समजा नाही वाचला जुना पेपर. इंडेक्समध्ये नाही सापडला. असं काय आभाळ कोसळतं? रुग्ण काही संदर्भ वाचून बरा होत नाही.

बाल्टिमोरची_कोकिळा

शंकासुर, मी जिथे राहते त्या गावात २००१ साली कोसळलं.

जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्यावर अभ्यास चालला होता. दमा नसलेल्या माणसांना हेक्सामेथोनियम हे औषध श्वासावाटे द्यायचं आणि श्वासनळ्या कशा वागतात ते पाहायचं. चोवीस वर्षांची एक धडधाकट मुलगी स्वयंसेवक म्हणून आली. औषध घेतल्यावर खोकला सुरू झाला, मग फुप्फुसं निकामी होत गेली, जूनमध्ये ती गेली. चौकशीत निघालं की संशोधकाने आधी पबमेडवर शोध घेतला होता. त्या वेळी तिथल्या नोंदी १९६६ पर्यंतच मागे जात होत्या. या औषधाने फुप्फुसांना इजा होते हे सांगणारे लेख १९५० च्या दशकातले. ते कपाटात होते. छापील सूचीत होते. स्क्रीनवर नव्हते. जुलैमध्ये सरकारने काही दिवस तिथलं माणसांवरचं सरकारी पैशाचं संशोधनच थांबवलं होतं.

मी इथे फार्माकॉलॉजीत काम करते. नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात ही गोष्ट सांगतात. सांगणारी व्यक्ती ग्रंथपाल असते.

शंकासुर

शब्द मागे घेतो.

ग्रंथाळ

त्या वर्षी आमच्याकडे जुने खंड रद्दीत काढायचा प्रस्ताव होता. जागा अडते म्हणून. मी ही बातमी कापून डीनसाहेबांच्या टेबलावर ठेवली. खंड राहिले. आता आहेत का ते विचारलेलं नाही, धीर होत नाही.

भाव_खाऊ

सगळ्याचं मूळ इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये आहे. न्यू इंग्लंडसारखी जर्नलं अशी पत्रं छापतात, त्यांना शेकड्याने सायटेशन मिळतात आणि यांचा भाव वर. हिशोबात पत्रं 'लेख' म्हणून मोजली जात नाहीत पण त्यांची सायटेशन मोजतात, म्हणजे भागाकारात वर भर, खाली नाही. हुशारी बघा.

सांख्यिकी_सखाराम

वर-खालीचं बरोबर, बाकी चूक. इम्पॅक्ट फॅक्टर दोनच वर्षांचा असतो. २०२४ चा काढायचा तर २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या मजकुराला २०२४ मध्ये किती संदर्भ मिळाले, भागिले त्या दोन वर्षांतले लेख. १९८० च्या पत्राला २००० साली कुणी संदर्भ दिला तर त्या जर्नलला दमडीचा फायदा नाही.

यूजीन गारफिल्ड या माणसाने १९५५ मध्ये संदर्भांच्या सूचीची कल्पना मांडली तेव्हा हेतू वेगळाच होता. एखादा दावा पुढे कुणी खोडून काढला का, हे मागे जाऊन नाही तर पुढे जाऊन शोधता यावं. तुमच्या हातात १९८० चं पत्र आहे, ते नंतर कुणी कुणी वापरलं याची यादी काढायची. म्हणजे कॅनडावाल्यांनी २०१७ मध्ये केलं ते गारफिल्डच्या मूळ हेतूचंच काम. त्याची फूटपट्टी करून नोकऱ्या मोजायला आपण लागलो.

आणि फूटपट्टी आखूड पडते ती अशी. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी कॉलऱ्याचं विष सापडल्याचं १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं. कित्येक वर्षं फारसं कुणी विचारलं नाही. १९८५ मध्ये ते गेले, आणि १९८६ मध्ये त्यांच्या कामाची थोरवी सांगणारा लेख कुणी लिहिला? याच गारफिल्डने. दोन वर्षांच्या हिशोबात डे बसलेच नसते.

भाव_खाऊ

बरं, दोन वर्षांचं मान्य. आयडी बदलू का?

मिरजेचा_गडी

नको, शोभतोय.

आता माझं एक. एका प्रकाशकाच्या जर्नलांच्या नमुन्यात संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला एक काल्पनिक पेपर दिला होता, 'शास्त्रीय लेख लिहिण्याची कला', साल २०००. असा पेपरच नाही, तसं जर्नलही नाही. लोकांकडून नमुना खोडायचा राहून गेला, काहींनी खरा समजून उचलला. जवळपास ४०० ठिकाणी सायटेशन! एका कधीच न लिहिलेल्या लेखाला. माझ्या आयुष्यभराच्या लेखांना मिळून ६२ आहेत.

कोवळा_रेसिडेंट

आता तर एआयला सांगितलं की तो असले दहा एका दमात देतो. लेखक खरे, जर्नल खरं, पानं सुद्धा छान, फक्त पेपर नसतो. आमच्या बॅचमधल्या एकाने टाकले होते. पकडला गेला कारण त्यातल्या एका पेपरचे लेखक म्हणून त्याच्याच एचओडींचं नाव आलं होतं. सर म्हणाले, "हा मी कधी लिहिला रे? चांगला दिसतोय."

निवांत

सरांनी सीव्हीत टाकला का?

भूल_चूक

आठ दिवसांनी येतेय, माफ करा, ड्युटी होती.

सखाराम, तुमच्या १२३ ते १२८ ने माझी झोप उडवली. त्या मुलाला घेऊन विभागातलं जुन्या थिसिसचं कपाट उघडलं. वाळवी नाही हे नशीब. त्याने संदर्भ २०२१ च्या थिसिसमधून घेतले होते, त्याने न विचारताच सांगितलं. २०२१ च्या मध्ये हे वाक्य जसंच्या तसं, 'दीर्घकाळ' सकट. तो आला होता २०१७ च्या थिसिसमधून. तिथे 'दीर्घकाळ' नाही, नुसतं 'वेदनेसाठी ही औषधं दिली तर'. पानं मात्र तिथेही १२३ ते १२८. २०१७ चा आला २०१२ मधून.

२०१२ च्या थिसिसमध्ये काय असावं? 'दवाखान्यात भरती असलेल्या रुग्णांत, एका पत्रातील नोंदीनुसार'. पान १२३, एकच. त्याच्या खालच्या ओळीतला संदर्भ वेगळ्याच पेपरचा आणि तो १२८ वर संपतो. २०१७ मध्ये टाइप करताना नजर एक ओळ घसरली. 'भरती असलेल्या' तिथेच गळालं. 'दीर्घकाळ' २०२१ मध्ये कुणी घातलं, का घातलं, देव जाणे. बहुतेक वाक्य लांब दिसावं म्हणून. तिन्हींवर गाईडची सही आहे, एकीवर माझी.

ते मूळ पत्र छापून आणून त्याला दिलं. रिकव्हरीच्या दारात उभ्या उभ्याच वाचलं त्याने, मिनिटभरसुद्धा लागलं नाही. मग म्हणाला, "मॅडम, हे तर आपल्या मुद्द्याचं नाहीच." वाक्य काढलं. मग स्वतःहून बाकीचे तपासायला बसला, ९६ चे ५८ झाले. शंभरचा आग्रह मी सोडला.

२०१२ चा थिसिस जिने लिहिला ती आता कुठे आहे शोधतेय. फोन करून सांगावंसं वाटतंय. पबमेडवर तिच्या नावाने काहीच निघत नाही.

सौ_की_कु

सासरचं आडनाव टाकून बघा.